उंबऱ्यावरची चिलमची

मित्रांनो, माझं नाव ऐकून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मला चिलमची म्हणतात. चांदूर बाजारच्या शाळेतली पोरं घरी आली की एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि विचारतात, "ह्यात तंबाखू भरतेत काय?" नाही रे बाबांनो, तंबाखूशी माझा काडीचाही संबंध नाही. मी हात धुण्याचं भांडं आहे. पोट खोलगट, काठ रुंद आणि वर भोकाभोकांचं झाकण. पाहुण्यानं माझ्यावर हात धरायचे, घरच्यानं तोटीच्या लोट्यानं वरून पाणी घालायचं, आणि ते पाणी झाकणाच्या भोकांतून माझ्या पोटात उतरायचं. कुणाच्या अंगावर शिंतोडा नाही, जमिनीवर चिखल नाही. दुसऱ्यांच्या हातांचा मळ पोटात घेऊन गप्प बसायचं, एवढंच माझं काम. ते मी पुष्कळ वर्षं केलं, मग पुष्कळ वर्षं केलं नाही, आणि मग एका उन्हाळ्यात असं केलं की त्याची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म अकोल्याचा. जुन्या शहरातल्या एका तांबटानं तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला. झाकणाची भोकं त्यानं एकेक करून पाडली, फुलाच्या पाकळ्यांसारखी. मग आतून कल्हई झाली आणि मी आतून चांदीसारखी लखलखू लागले. दुकानात फार दिवस राहावं लागलं नाही. एक गृहस्थ आपल्या मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते. त्यांनी मला उलटी करून बुडावर टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे द्या." त्या मुलीचं नाव हाजराबी.

अशी मी हाजराबीबरोबर चांदूर बाजारला आले. तिचा नवरा कुर्बान हा पिंजारी. म्हणजे कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरणारा. पूर्वी तो खांद्यावर पिंजण घेऊन खेड्याखेड्यांत फिरत असे. पुढे त्यानं घराच्या पडवीत पिंजायचं यंत्र बसवलं. यंत्र सुरू झालं की घरभर कापसाचे तंतू उडत. दळणाच्या पिठावर, माणसांच्या भुवयांवर, माझ्या झाकणावर पांढरी लव बसे. या घरातली माणसं आपसात उर्दू बोलत आणि शेजाऱ्यांशी वऱ्हाडी, आणि बोलता बोलता दोन्ही एकत्र होत. मी तुम्हाला त्यांचं बोलणं वऱ्हाडीतच सांगते, म्हणजे सोपं जाईल. वऱ्हाडीत बाईही "मी येतो" म्हणते, तेवढं लक्षात ठेवा.

ते दिवस माझ्या मानाचे होते. दावत असली की दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरण्याआधी मी बाहेर निघे. सगळ्यांत वडील माणसापासून सुरुवात व्हायची. हाजराबीचा एक लांबचा सासरा होता, फार टापटिपीचा. तो हात धुऊन झाल्यावर माझ्या काठाला बोट लावून म्हणायचा, "या घरचं पानी बी अदब जानते." हाजराबी पदराआड हसायची. मोहल्ल्यात कुणाकडे लग्न असलं की मला मागून नेत. परत येताना माझ्या पोटात कधी मूठभर साखर असे, कधी खोबऱ्याचा तुकडा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही त्या मोहल्ल्याची रीत.

मग काळ बदलला. कुर्बाननं स्वयंपाकघरापलीकडे, पडवीच्या भिंतीला लागून चिनी मातीचं बेसिन बसवलं, वर नळ. पाहुणे उठून तिकडे जाऊ लागले. माझ्या जोडीचा लोटा तोटीजवळ फुटला आणि मोडीत गेला. मला माळ्यावर ठेवलं. काही दिवस माझ्यात दोऱ्याची रिळं आणि गादी शिवायचे मोठे दाभण असत. नंतर ते पत्र्याच्या डब्यात गेले आणि कोंबड्यांची कणी माझ्यात आली. कल्हई उडाली, काठाला हिरवा गंज चढला. मी कुणावर रागावले नाही. नळ सोयीचा आहे हे मलाही कळत होतं.

बाहेर मात्र दिवस कठीण चालले होते. पाऊस एक वर्ष आला नाही, दुसऱ्या वर्षी आला तो नको त्या वेळी. ज्यांच्या शेतात कापूस पिकायचा त्यांच्याच घरी नवी गादी होईना. लोक जुनीच गादी आणत आणि म्हणत, "कुर्बानभाई, हीच पिंजून द्या, खोळ बी हेच राहू द्या." यंत्र आठ-आठ दिवस झाकून ठेवलेलं असे. म्हणून मुलगा इमाद बापाचा धंदा सोडून नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला. तिथंच चारसहा जणांत खोली करून राही आणि सुट्टीला घरी येई. त्याची बायको गुलफाम अकोल्याची. त्यांना एक मुलगी झाली, मिस्बाह. मी सांगते आहे त्या उन्हाळ्यात ती नुकती बसू लागली होती आणि हाजराबीचा सगळा दिवस तिच्याभोवती फिरत होता. "माही चिडी, माही चिडी," असं म्हणत ती तिला कडेवर घेऊन घरभर हिंडे.

त्याच सुमाराला घरात बऱ्याच दिवसांनी मोठं काम आलं होतं. मोहल्ल्याच्या पलीकडे मनकर्णाबाई नावाची शेतकरीण राहते. काळ्या जमिनीचा चांगला तुकडा तिच्याकडे आहे. हाजराबीची आणि तिची मैत्री दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासूनची. तिच्या मुलीचं, आरतीचं लग्न ठरलं होतं. मनकर्णाबाईनं आपल्या शेतातल्या कापसाची सरकी काढून, पोती भरून कुर्बानच्या पडवीत आणून टाकली आणि सांगितलं, "आरतीच्या गाद्या अशा भरा का तिच्या सासूनं हात फिरवून पाह्यला पायजे." कुर्बान खूष होता.

आणि इमाद सुट्टीला आला तो आजारी होऊनच.

आल्या दिवशी त्यानं पोट दुखतं म्हणून जेवण टाळलं. दुसऱ्या सकाळी सगळे चहाला बसले असताना तो उठायला गेला आणि त्याला तिथंच मोठी ओकारी झाली. दस्तरखानावर, चटईवर, थोडी भिंतीवर. हाजराबी धावली. तिनं त्याचं कपाळ धरलं, पाठ चोळली, आणि हाताशी काही नव्हतं म्हणून आपल्या ओढणीच्या टोकानंच जमीन पुसली. मग ओढणी कोपऱ्यात टाकली, हात पाण्यात जरा बुचकळले आणि कणकेच्या परातीकडे वळली.

"अम्मी, थांबा," गुलफाम म्हणाली. मिस्बाह तिच्या खांद्यावर होती. "कणकेले हात लावू नका."

"हात धुतले ना मी."

"साबन नाई लावला."

"माह्या पोराची उलटी हाये ते. साप नाई चावला त्याले."

गुलफाम तशी कमी बोलणारी. पण त्या दिवशी ती बोलली. इमादला मागच्या खोलीत झोपवायचं. त्या खोलीचं दुसरं दार अंगणात संडासाकडे उघडतं, म्हणजे त्याला घरातून फिरावं लागणार नाही. त्याचा पेला, थाळी, टॉवेल वेगळा. ओकारी पडली तिथं चुलीतली राख टाकायची, कागदानं उचलायची, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसायची. कपडे गरम पाण्यात, बाकीच्यांपासून वेगळे. आणि इमादची सेवा जो करील त्यानं मिस्बाहला घ्यायचं नाही, स्वयंपाकालाही हात लावायचा नाही.

हाजराबी ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"अलग थाळी," ती म्हणाली. "या घरात सगळे एका थाळीत जेवतेत, दुल्हन. पाहुना बी एकाच थाळीत बसते. अन् माह्या लेकाले अलग थाळी? तो काय परका झाला?"

"अम्मी, अकोल्याले आमच्या घरी बी एकच थाळी होती," गुलफाम म्हणाली. "एका उन्हाळ्यात आधी माह्या अब्बाले हे झालं. मग अम्मीले, मग मले, मग सगळ्यायले. कोनी कोनाचा पेला अलग केला नाई. सगळ्यात शेवटी माह्या धाकट्या भावाले झालं. मिस्बाहपेक्षा थोडकाच मोठा होता. त्याले दवाखान्यात नेलं, तो घरी परत आला नाई." ती थांबली. मग म्हणाली, "नर्सबाईनं मंग आम्हाले सगळं सांगतलं. आधी कोनी सांगतलं असतं तं."

यापूर्वी तिनं हे कधी सांगितलं नव्हतं, निदान माळ्यावरून मी तरी ऐकलं नव्हतं.

"मी माह्या पोराले पाह्यतो," हाजराबी शेवटी म्हणाली. "पोरगी तू सांभाळ." आणि ती मागच्या खोलीत गेली. जाताना मिस्बाहच्या गालाला हात लावायला तिनं हात उचलला होता. तो तिनं तसाच खाली घेतला.

आता हात धुवायचे कुठे, हा प्रश्न आला. बेसिनचा नळ उन्हाळ्यात कोरडाच असायचा, पाणी दोन-तीन दिवसांआड. शिवाय आजाऱ्याच्या खोलीतून निघून, दाराच्या कड्या उघडत, स्वयंपाकघर ओलांडून बेसिनशी जायचं म्हणजे वाटेत सगळीकडे हात लागणारच. गुलफामनं घरभर पाहिलं आणि तिची नजर माळ्यावर गेली. तिनं मला उतरवलं, कणी कोंबड्यांपुढे ओतली, आणि चिंच व राख घेऊन मला घासलं. किती वर्षांनी माझ्या काठाला माणसाची बोटं लागली होती! मधली खोली आणि मागची खोली यांच्या मधल्या उंबऱ्यापाशी तिनं एक तिपाई ठेवली, तिच्यावर मला बसवलं, आणि वरच्या फळीवर तोटी असलेली पाण्याची बरणी ठेवली. बाजूला लाल साबणाची वडी. "बाहेर येनाऱ्यानं इथं हात धुवायचे," ती म्हणाली. "बोटाच्या सांदीत, नखात, मनगटापर्यंत. चिलमचीतलं पानी नालीत नाई टाकायचं, संडासात टाकायचं. अन् तोटीलेही साबन लावायचा."

कुर्बान पडवीतून हे पाहत होता. "हे सारं ठीक," तो हळू आवाजात म्हणाला, "पन बाहेर कोनी बोलू नका. मनकर्णाबाईच्या गाद्या पडवीत हायेत. घरात बिमारी हाये असं कानावर गेलं तं बाई कापूस उचलून नेईन. मंग या हंगामात काय करू?"

पहिला दिवस नीट गेला. इमादला जलसंजीवनीचं पाणी घोट घोट पाजणं चालू होतं. हाजराबी दर वेळी बाहेर आली की माझ्यावर हात धरी. पहिल्यांदा तिनं घाईनं धुतले. मग हळूहळू तिला जुनी सवय आठवली असावी. पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालताना ती बघायची तशी आता ती आपल्याच हातांकडे बघे, एकेक बोट चोळी. पण तिचं मन मोडलेलं होतं. मधल्या खोलीत झोळीत मिस्बाह हुंकारे, आणि ही उंबऱ्याच्या आतून पाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इमादनं थोडी मऊ खिचडी खाल्ली आणि अर्धी ठेवली. हाजराबी थाळी घेऊन उठली. उंबऱ्यापाशी येऊन थबकली. अन्न टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि लेकाच्या थाळीतलं उष्टं खाण्यात आईला कसलाच कमीपणा वाटत नाही. ते तो लहान असल्यापासून तिचंच होतं. तिनं मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग उभ्यानं, इमादच्याच चमच्यानं, उरलेली खिचडी संपवली आणि मग माझ्यावर हात धुतले, साबण लावून, अगदी नीट.

मित्रांनो, हात धुतले गेले, पण जे पोटात जायचं ते आधीच गेलं होतं.

त्याच रात्रीपासून इमादची तब्येत बिघडली. पाणीही ठरेना, डोळे खोल गेले. सकाळ होताच कुर्बाननं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. घरात दोघी बाया आणि तान्ही पोर. उन्हं चढली तशी हाजराबीच्या पोटात कळ आली. एकदा ती संडासाला गेली, दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा तिला भिंत धरून यावं लागलं. परत येताना दारातच तिला ओकारी झाली आणि अंगावरचे कपडे भरले. ती मागच्या खोलीत जमिनीवरच बसली.

गुलफामनं तिला पाण्याचा वेगळा पेला दिला, कपाळ पुसलं आणि मग आपले हात धुतले. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "नळ आले, नळ आले!" घरात पाणी जवळजवळ संपलं होतं, आणि आज पाण्याशिवाय चालणार नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळावर रांग लागे. गुलफामनं मिस्बाहकडे पाहिलं, ती झोपली होती. "अम्मी, आत्ताच येतो," म्हणून ती घागरी घेऊन पळाली.

ती गेली आणि मिस्बाह जागी झाली.

आधी कुरकुर, मग रडणं, मग ते रडणं असं वाढत गेलं की झोळी हलू लागली. हाजराबी उठली. भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली. माझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला दोन पावलांवर झोळी. मला वाटलं, आता ही उंबरा ओलांडणार. तिनं पाय उचललाही होता. मग तिनं आपल्या कपड्यांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. हात धुता आले असते. पण कपडे तसेच होते, आणि पोटातली कळ पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता.

तिनं पाय मागं घेतला आणि उंबऱ्याच्या आत खाली बसली. "माही चिडी," ती म्हणाली, "दादी इथंच हाये. दादी येऊ शकत नाई बेटा, इथंच हाये." पोर रडतच होती. हाजराबीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला तिनं हातसुद्धा उचलला नाही. मग तिनं आपल्या हातातली काचेची बांगडी माझ्या काठावर वाजवली. टण. पोर क्षणभर थांबली. पुन्हा टण, टण. हाजराबीनं बांगड्यांचा एक ताल धरला, संथ, न थांबता. माझ्यासारखं तांबं रिकामं असलं की चांगलं गुंजतं. झोळीतून हुंदका आला, मग नुसता श्वास, मग दोन छोटे हात वर आले आणि आवाज कुठून येतो ते हवेत शोधू लागले.

त्याच वेळी पडवीच्या दारातून मनकर्णाबाई आत डोकावली. हातात ताकाचा गडवा होता. आधीचं रडणं तिला रस्त्यावरच ऐकू आलं असावं.

"काहून वो हाजराबी, लेकरू एवढं रडून राह्यलं होतं अन् तू बसून वाजवून राह्यली? सरक, मी घेतो तिले."

ती दोन पावलं आत आलीसुद्धा.

"येऊ नको!" हाजराबी ओरडली. अशी ती कधीच ओरडत नसे. "मनकर्णा, तिथीच थांब. कायले बी हात लावू नको. इमादले उलट्या-जुलाब हायेत, दवाखान्यात नेलं. अन् आता मले बी लागलं." तिला दम लागला. "तुह्या घरी लगन हाये. चार गावचे पाहुने येतीन. हे घेऊन जाशीन तं सगळ्यायले देशीन."

मनकर्णाबाई जागच्या जागी उभी राहिली. तिनं पडवीतल्या कापसाच्या पोत्यांकडे पाहिलं, मग झोळीकडे, मग उंबऱ्यात बसलेल्या मैत्रिणीकडे. गडवा तिनं पडवीच्या कट्ट्यावर ठेवला आणि वळून चालू लागली. हाजराबीनं डोळे मिटले. बांगडी मात्र वाजतच होती.

पण मनकर्णाबाई घरी गेली नव्हती. ती पदर खोचून नळावर गेली होती. थोड्याच वेळात गुलफाम धापा टाकत आली. मनकर्णाबाईनं तिच्या घागरी रांगेत आपल्या ताब्यात घेतल्या होत्या आणि तिला म्हटलं होतं, "पानी मी भरून दारात ठेवतो. तू पळ, तुही सासू एकटी पडली." गुलफामनं बरणीच्या पाण्यानं हात धुतले, झोळीतून मिस्बाहला उचललं, आणि सासूसमोर, उंबऱ्यापलीकडे, जमिनीवर बसली. सासूनं तोंड फिरवलं.

"काल त्याच्या थाळीतली खिचडी मी खाल्ली," हाजराबी म्हणाली. "तू एवढं सांगूनही."

पेल्यात जलसंजीवनी भरून गुलफामनं उंबऱ्यावरून पुढे सरकवली. "घोट घोट प्या अम्मी. एकदम नाई."

संध्याकाळी कुर्बान परत आला. इमादला सलाईन लावलं होतं, आता धोका नव्हता. डॉक्टरांनी कुर्बानला विचारलं होतं, घरात लहान मूल आहे का, आणि मग जवळजवळ तेच सगळं सांगितलं होतं जे सुनेनं सांगितलं होतं. शिवाय एक गोष्ट जास्त: घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून लपवू नका. कुर्बान पडवीत उभा राहून म्हणाला, "मनकर्णाबाईले सांगा लागन." गुलफाम म्हणाली, "अम्मीनं सांगतलं." तो खांबाला टेकून उभा राहिला. पोत्यांकडे पाहून त्यानं एक लांब श्वास सोडला, एवढंच.

मग तो कामाला लागला. इमाद झोपला होता ती गादी पार खराब झाली होती. खोळ त्यानं उकळत्या पाण्यात टाकली. आतला कापूस अंगणाच्या टोकाला नेला. या माणसानं आयुष्यभर कापूस पिंजला होता, जुन्यातला जुना कापूस पुन्हा मऊ केला होता, कधी चिमूटभर फेकला नव्हता. त्यानं त्या ढिगावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. कापूस भरकन पेटला. तो जळून राख होईपर्यंत कुर्बान तिथंच उभा होता.

मनकर्णाबाई दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन आली. रस्त्यावरूनच हाक मारली, "कुर्बानभाई, पोते बाहेर काढा." कुर्बाननं मान खाली घालून पोती गाडीत चढवली. शेवटचं पोतं चढल्यावर ती म्हणाली, "कापूस माह्या गच्चीवर उनात टाकतो. तुमच्या घरचे बरे झाले का दोन दिस अजून जाऊ द्या, अन् मंग तुमी माह्या अंगनात येऊन पिंजा. गाद्या तुमच्याच हातच्या पायजेत." मग मान उंच करून आतल्या बाजूला ओरडली, "अन् हाजराबीले म्हना, ताक पेली का नाई?"

"पेलो वो," आतून बारीक आवाज आला.

इमाद दवाखान्यातून घरी आला. हाजराबीला पुरं बरं वाटायला त्याहून जास्त वेळ लागला, वय झालेलं होतं. गुलफामच्या अंगावर काही आलं नाही. मिस्बाहलाही काही झालं नाही. तिचे लंगोट तपासताना गुलफाम रोज श्वास रोखून बसे, पण काही झालं नाही. उलट्या-जुलाब थांबल्यावरही हाजराबी आणखी दोन दिवस मागच्या खोलीतून बाहेर आली नाही. हे तिला कुणी बजावलं नव्हतं. "पोट बरं झालं म्हनजे बिमारी गेली असं नाई," असं ती आता स्वतःच इमादला ऐकवत होती.

मग एका सकाळी तिनं आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, उंबऱ्यापाशी आली आणि माझ्यावर हात धरले. गुलफाम तोटी सोडायला पुढं झाली. हाजराबीनं साबण घेतला. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या सांदी, अंगठे, नखं, मनगटं. फेस माझ्या पाकळ्यांच्या भोकांतून खाली उतरत होता. इतका वेळ लागला की गुलफाम हसली. "झालं अम्मी, पोरगी मोठी होऊन जाईन."

हाजराबीनं हात कोरडे केले, उंबरा ओलांडला आणि दोन्ही हात पुढे केले.

मिस्बाह तिच्याकडे पाहत राहिली. इतक्या दिवसांत ओळख विसरली की काय, असं हाजराबीच्या चेहऱ्यावर दिसलं. मग पोरीनं झेप घेतली, दादीच्या नाकाला घट्ट धरलं आणि सोडलंच नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. बेसिनला आता पाणी असतं, तरी गुलफामनं मला माळ्यावर परत ठेवलं नाही. मी अजून त्याच तिपाईवर आहे, माझ्यापाशी साबणाची वडी आहे, आणि इमादनं मला नवी कल्हई करून आणली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं तांब्याचं भांडं नसेल. नसू दे. साबण आणि वाहतं पाणी असलं की पुरे. घरात कुणाचं पोट बिघडलं तर त्याचा पेला वेगळा करा, त्याच्या थाळीतलं खाऊ नका, हात नीट धुवा, आणि शेजाऱ्यापासून लपवू नका. आणि एक विसरू नका. आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवलं तरी दाराशी जाऊन बसा आणि त्याच्याशी बोला. आत एकट्या पडलेल्या माणसाचे कान सगळा वेळ दाराकडेच लागलेले असतात. मी उंबऱ्यावर होते, म्हणून मला ते माहीत आहे.